मुकी बाराखडी

"घशात काहीही नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पोरीची आई दवाखान्यातून तडक शाळेत आली. मी तेव्हा खडूचा डबा मागायला मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघायला मिळालं. एरवी आमच्या शाळेत धड कुणी कुणाला काही सांगत नाही.

"हिला वाचायला सांगा," आई म्हणाली आणि पोरीला पुढे ढकललं. पहिलीतली पोर, पुढचे दोन्ही दात पडलेले. मुख्याध्यापकांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. पोरीनं अक्षरावर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. 'आ'ला उघडावं तसं मोठं. मग 'ई'ला ताणावं तसं ताणलं, 'ऊ'ला ओठांचा चंबू केला. सगळं अगदी रीतसर, फक्त आवाज नाही. पानाच्या शेवटापर्यंत नुसतं तोंड हललं. मग तिनं बोट उचललं आणि झालं म्हणून आमच्याकडे बघितलं.

"बघितलंत?" आई म्हणाली. "घरी रोज हेच. आधी वाटलं घसा बसला. आता सासूबाई म्हणतात, पोरीनं कसली तरी धास्ती घेतलीय. मारतात का हो वर्गात?"

"बाळ, मोठ्यानं वाच बघू," मुख्याध्यापक म्हणाले.

"वाचलं की!" पोरगी म्हणाली. आवाज असा खणखणीत, की बाहेरच्या शिपायानं आत डोकावून बघितलं.

"पहिलीच्या बाईंना बोलवा," मुख्याध्यापकांनी त्यालाच सांगितलं.

पहिलीच्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. एकाच घरात राहतो, एकाच शाळेत शिकवतो. त्यांची पहिली, माझी दुसरी, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. लोक विचारतात, दोघी जावा सकाळ-संध्याकाळ एकत्र राहता तरी कशा? मी सांगते, भांडून.

ताई आल्या आणि मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. पोरीची आई खिडकीपाशी, त्यांच्या एका अंगाला होती. तिनं तिथूनच विचारलं, "तुमच्या वर्गात पोरांचा आवाज का निघत नाही?"

ताईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हो ना, फार गोड आवाज आहे हिचा."

मुख्याध्यापक ताईंकडे बघत राहिले.

"चेष्टा करताय का माझी?" आई ताडकन समोर आली. ती समोर आली तेव्हा कुठे ताईंना समजलं, की आपलं काहीतरी चुकलं. चेहरा खर्रकन उतरला. "नाही हो, मी जरा दुसऱ्याच विचारात होते," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण आईचा पारा काही उतरला नाही. मुख्याध्यापकांनी शेवटी सांगून टाकलं. शुक्रवारी तपासणीच्या बाई येणारच आहेत, त्या पहिलीत बसतील, ते स्वतःही बसतील. वर्ग नीट बोलला तर ठीक. नाही तर पहिली नव्या बाईंना द्यायची आणि ताईंनी पुस्तकखोली सांभाळायची. हे ते ताईंच्या तोंडाकडे बघून बोलले, त्यामुळे त्यातला एकही शब्द वाया गेला नाही.

पुस्तकखोली! आमच्याकडे पुस्तकखोली म्हणजे जिन्याखालची जागा. फुटके नकाशे, वाळवी लागलेली कपाटं आणि वर्षातून एकदा उघडणारी खिडकी. ताईंना तिथे बसवायचं म्हणजे शिंप्याचं मशीन काढून घेऊन त्याला बटणं मोजायला लावायचं. हे मी म्हणत नाही, आमचे थोरले दीर म्हणतात. ते स्वतः शिवणकाम करतात, त्यामुळे त्यांना दुसरी उपमा सुचत नाही.

ताईंना वरचे वर्ग कितीदा देऊ केले, पण त्यांनी पहिली सोडली नाही. त्यांचं म्हणणं एकच. मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या तोंडात सगळे आवाज आधीच असतात, आपण फक्त कुठला कुठे राहतो ते दाखवायचं. त्यांच्या टेबलाच्या खणात छोटे आरसे असायचे. पोरांना जोड्या करून बसवायच्या, एकाच्या हातात आरसा. "आ म्हण. दोन बोटं आत जातायत का बघ. आता ई. हसलीस ना आपोआप? ई म्हणताना रडूनच दाखव, तुला बक्षीस." पोरं रडका ई काढायला जीव काढायची आणि हसून हसून लोळायची. त्या हसण्यातच काना, वेलांटी, मात्रा अंगवळणी पडायची. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच शिकवलं. धाकटा 'र'ला 'ल' म्हणायचा. ताईंनी त्याला अंगणात पायरीवर बसवून किती संध्याकाळी घालवल्या, ते मी विसरणार नाही. मी दोनदा ओरडून सोडून दिलं होतं.

आणि ही बाई, जिला पलीकडच्या बाकावरचा आखूड 'इ' आणि लांब 'ई' पाठ फिरवून कळायचा, तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं.

आम्हाला कळलं नाही, असं नाही. पण आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. शिलाई मशीन दिवसभर चालू, त्यामुळे कोण बहिरं आणि कोण बेपर्वा हे ओळखणं अवघड. दीर म्हणायचे, "हिला माझं ऐकायचंच नसतं, लग्न झाल्यापासून हीच तऱ्हा!" आणि आम्ही हसायचो. ताई कुकरच्या शिट्ट्या वाफ बघून मोजायच्या. फोन वाजला की "तू घे गं, माझे हात ओले आहेत" म्हणायच्या. हात कोरडे ठणठणीत! एकदा मी धीर करून म्हटलं, ताई, कान दाखवून या. तर माझ्यावरच उखडल्या. "मला सगळं ऐकू येतं. तूच हल्ली पुटपुटतेस."

मी? पुटपुटते? माझा आवाज फाटकापर्यंत जातो, अशी आमच्या गल्लीत ख्याती आहे.

पोरीची आई येऊन गेली त्या दिवशी मी माझ्या वर्गाला उतारा लिहायला बसवलं आणि पहिलीच्या दाराशी गेले. बरेच दिवस त्या बाजूनं आवाज येत नव्हता. मी मनात म्हणायची, काय शिस्त लावलीय पोरांना! दाराच्या फटीतून बघितलं.

ताई फळ्यापाशी, हातात छडी, छडीचं टोक 'का'वर. समोर सगळा वर्ग तोंड उघडून. छडी 'कि'वर गेली, सगळ्यांची तोंडं ताणली गेली. 'कु'वर गेली, सगळे चंबू. एकाही गळ्यातून हूं की चूं नाही. पंखा तेवढा करकरत होता. बाराखडीची ओळ संपली आणि ताई आनंदानं म्हणाल्या, "शाब्बास! आज किती छान म्हटलंत!"

मला आधी पोरांचाच राग आला. म्हटलं, कार्टी बाईंची टिंगल करतात! मधल्या सुट्टीत दोन-तीन पोरांना धरलं, त्यात ती दात पडलेलीही होती. "काय रे, बाईंसमोर तोंडं कसली हलवता?"

"मोठ्या सरांनी सांगितलंय," पोरगी म्हणाली. "मनात म्हणा."

"कधी सांगितलं?"

"परीक्षा होती ना सातवीची, तेव्हा. सर दारात आले आणि म्हणाले, आवाज नको, मनात म्हणा."

"बाईंनी ऐकलं?"

"बाई फळ्यावर लिहीत होत्या."

घ्या! मुख्याध्यापक येऊन सांगून गेले, ताईंची पाठ होती. परीक्षा आटोपली, तरी आता बोला असं पोरांना कुणीच सांगितलं नाही. कारण सांगायला हवं हे ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना वर्ग बोलतोय की नाही तेच कळत नव्हतं. पोरं बिचारी इमानदार. बाई शाब्बास म्हणतायत, म्हणजे हेच बरोबर. घरी जाऊनही मनातच वाचायची.

माझ्या मनात आलं होतं, की असंच उठावं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून सांगावं, सर, हे तुमचंच पाप आहे! पण सांगते कशी? ते पहिला प्रश्न हाच विचारणार, मग बाईंच्या लक्षात कसं आलं नाही? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हा. मी तशीच वर्गात जाऊन बसले आणि उगीचच दुसरीच्या पोरांवर खेकसले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ताईंना समोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. सावकाश, तोंड त्यांच्याकडे करून. आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "काहीतरीच काय! मी रोज ऐकते त्यांना."

"काय ऐकता? परवा कुठली पोरगी अडखळली, सांगा."

भाजी चिरायची सुरी त्यांच्या हातातच राहिली. "मला वाटायचं," त्या हळूच म्हणाल्या, "लांबून येतोय आवाज. मला वाटायचं, येतोय."

मला रडू फुटायला लागलं, म्हणून मी आवाज चढवला. "हे बघा, रडत बसायला वेळ नाही. अजून कुणालाही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पोरांना उद्या सांगा, आता मोठ्यानं म्हणायचं. शुक्रवारी वर्ग गरजला की पोरीच्या आईचं तोंड बंद, सरांचं बंद. मग निवांत कान दाखवू."

"आणि कुणी चुकलं तर? मला कसं कळणार?"

"मी आहे ना! तपासणीच्या बाई सोबतीला एका शिक्षिकेला बसवतातच, मीच बसते. माझ्या हातात पेन्सिल असेल. उभी धरली तर बरोबर, आडवी धरली तर चूक. तुम्ही फक्त माझ्याकडे नजर ठेवा."

ताईंना हे मनातून रुचलं नव्हतं. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही गं," म्हणाल्या. पण जिन्याखालची ती खोली त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार. शेवटी त्यांनी होकाराची मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना मोठ्यानं म्हणायला सांगितलं. पोरांनी आधी विचारलं, मोठ्या सरांना चालेल का? चालेल म्हटल्यावर जी काही बोंब ठोकली, की माझ्या वर्गातले दोघं बाकाखाली शिरले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण भिंतीला कान लावून ऐकलं तेव्हा हे बरं वाटणं टिकलं नाही. इतके दिवस कुणी टोकलंच नव्हतं. कुणी 'ऐ'ला 'ए' म्हणत होतं, कुणी 'औ'ला 'ओ', कुणी दोन्हीला एकच काहीतरी. एरवी ताईंच्या वर्गात असली चूक एक दिवस टिकायची नाही. मी शुक्रवारपर्यंत जमेल तेवढं दुरुस्त करायला बघितलं. पण दुसरीच्या बाईंचं पहिलीची पोरं कितीसं ऐकणार!

शुक्रवार उजाडला. मागच्या बाजूला तीन खुर्च्या मांडल्या. मध्ये तपासणीच्या बाई, चष्मा कपाळावर, चेहरा शांत. एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला मी, हातात पेन्सिल. माझ्या तळहाताला इतका घाम आला होता, की पेन्सिल सारखी निसटत होती.

वर्ग गरजला. छडी फिरली, बाराखडी खिडकीबाहेर गेली. तपासणीच्या बाईंनी एकेकाला उभं करायला सांगितलं. पहिलं पोर बरोबर, पेन्सिल उभी, "शाब्बास." दुसऱ्यानं वेलांटी चुकवली, पेन्सिल आडवी, "पुन्हा बघ बाळा, हसून म्हण." सगळं कसं लोण्यातून सुरी जावी तसं चाललं होतं. मुख्याध्यापकांनी मागे टेकून हाताची घडी घातली. ताई माझ्याकडे अशा काही सफाईनं बघत होत्या, की मलाच वाटायला लागलं, ह्यांना ऐकू येतंय.

मग तपासणीच्या बाई म्हणाल्या, "ती मुलगी कुठली, जिच्या आईची तक्रार आहे? तिला वाचू द्या."

दात पडलेली पोरगी उभी राहिली. तिच्या पुढ्यात चित्राखालचा शब्द होता, 'मैदान'. आणि नेमक्या त्याच क्षणी तपासणीच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडे दुसरीत ही मुलं कशी तयार होऊन येतात?" मी त्यांच्याकडे बघून "छानच येतात" म्हणेपर्यंत पोरगी मोठ्यानं वाचून मोकळी झाली होती.

"मेदान!"

पेन्सिल माझ्या हातात उभीच होती.

"शाब्बास!" ताई म्हणाल्या.

वर्गात खसखस पिकली. पोरंच ती, हसणारच. मी पेन्सिल आडवी करायला गेले तर ती हातून सुटली आणि घरंगळत गेली. तपासणीच्या बाईंनी तोवर वहीत मान घातली होती. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "असू दे, घाबरली असेल. वर्ग चांगला आहे." मुख्याध्यापक हसले. म्हणजे सुटलो! जिंकलो! माझा जीव भांड्यात पडला.

पण ताईंनी पोरांची हसणारी तोंडं बघितली होती. त्या पोरीपाशी गेल्या, खाली वाकल्या. "पुन्हा म्हण."

"मेदान."

"पुन्हा."

पोरगी रडवेली झाली. "मेदान!"

ताई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि त्यांना काही कळत नव्हतं, हे मला माझ्या खुर्चीतून दिसत होतं. मी मनात ओरडत होते, पुढे व्हा, ताई, पुढच्या पोराला उभं करा, कुणाचंही लक्ष नाही! त्या सावकाश उभ्या राहिल्या आणि तपासणीच्या बाईंकडे वळल्या.

"बाई, मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "बरेच महिने झाले. ही काय चुकली, तेही मला कळलेलं नाही. आज मी वर्ग घेतला, तो हिच्या पेन्सिलीकडे बघून." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मुख्याध्यापक उठून उभे राहिले. तपासणीच्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ताईंकडे तोंड करून, शब्द सुटे करून त्यांनी विचारलं, "मग आत्ता कशाला सांगितलंत? मी तर सगळं ठीक म्हणून लिहिलं होतं."

"मी चुकीला शाब्बास म्हटलं. हिला आता हेच बरोबर वाटणार. जन्मभर वाटेल. वर्ग मला हवाय हो, फार हवाय. पण हिला ऐकू येणाऱ्या बाई द्या."

तपासणीच्या बाई चिडल्या नाहीत. कान तपासून घ्या, यंत्र मिळतं, ते बसवून या, मग बघू, असं त्या म्हणाल्या. पण 'मग बघू' म्हणजे काय, ते सरकारी कामात मुरलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. मुख्याध्यापकांनी शिपायाला जिन्याखालच्या खोलीची किल्ली आणायला सांगितलं. नव्या बाई सोमवारपासून पहिलीवर. पेन्सिलीबद्दल मला जे ऐकावं लागलं, ते मी इथे सांगत नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी घरी निघालो. मी पुढे, तरातरा. राग नुसता उकळत होता. शेवटी रस्त्याच्या मधोमध थांबले, वळले आणि तोंड सोडलं. "काय मिळवलंत? सांगा ना, काय मिळवलंत? सुटलो होतो आपण! एका मात्रेसाठी? एवढ्याशा मात्रेसाठी सगळं घालवलंत? ती नवी बाई काय दिवे लावणार आहे? तिला आरसा तरी धरता येतो का पोरांपुढे? तुमच्यासारखं कुणी शिकवणार आहे का ह्या गावात?" मी ओरडत होते आणि रडत होते. सायकलवाला थांबला, दुकानातली माणसं बाहेर आली, समोरच्या गॅलरीत दोन बायका उभ्या राहिल्या.

ताईंनी मला पूर्ण बोलू दिलं. सगळा वेळ त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मग जवळ आल्या आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. सगळ्या गल्लीला ऐकू जातंय, मला नाही. हळूच बोल, पण असं समोर उभं राहून बोल. घरी सगळ्यांना तसंच सांग."